बेकरीवाल्याच्या गाडीतली टकटक

बेकरीवाल्याची गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते. ही त्यांची रोजचीच तऱ्हा. भांडण असं आता राहिलं नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. थोरला एका मोडक्या गाडीतून काढलेल्या सीटवर बसायचा, धाकटा टेबलापाशी, आणि मधल्या जागेत लोकांच्या गाड्या उभ्या असायच्या.

गाडी म्हणजे एक जुनी चौकोनी व्हॅन होती. पांढरा रंग पिवळट पडलेला, मागच्या दारांवर रंगवलेले पाव पुसट झालेले, आणि आत भाजलेल्या पिठाचा वास पत्र्यात मुरलेला. बेकरीवाला खाली उतरला. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असायचं.

"काही नाही हो," तो म्हणाला, "घरच्यांनी डोकं खाल्लंय. इंजिनात टकटक वाजतं म्हणे. बायको म्हणते, मुलगी म्हणते, भट्टीवरची माणसंसुद्धा म्हणायला लागली. मला विचाराल तर काऽही वाजत नाही. पण तुम्ही एकदा कान लावा, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील."

'तुम्ही' म्हणताना तो थोरल्याकडे बघत होता. धाकट्याने कप जरा जोरातच ठेवला.

सगळे थोरल्याकडेच बघायचे, हेच तर दुखणं होतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं धाकट्याने, सुट्या भागांसाठी वणवण करायची धाकट्याने, आणि नाव मात्र थोरल्याचं. समोरच्या लेथवाल्याने त्याला 'कानसेन' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटाभरात तो सांगायचा, बेअरिंग गेलंय की टॅपेट ढिला आहे, आणि कुठल्या सिलिंडरचा. तो चुकला असं कोणी ऐकलं नव्हतं. तो बायको गेलेला, मूलबाळ नसलेला, वर धाकट्याच्या घरी जेवून खाली गॅरेजमागच्या खोलीत झोपणारा माणूस. त्याच्याकडे दुसरं होतं काय? धाकट्याला दोष शोधणारं कॉम्प्युटरचं मशीन आणायचं होतं आणि अर्धी शेड एका टायरवाल्याला द्यायची होती. थोरला नाही म्हणत होता, आणि कानाच्या जोरावर त्याचं 'नाही' चालत होतं. कान गेला की दुकान गेलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"शांत!" त्याने आरोळी दिली.

ही आरोळी झाली की धाकटा कॉम्प्रेसर बंद करायचा आणि पलीकडे लेथवालाही हात थांबवायचा. मग धाकटा गाडीत बसून पेडल सांभाळायचा, थोरला बॉनेटखाली वाकायचा. बोलायचं नाही. थोरल्याने बोट वर केलं की रेस वाढवायची, पंजा खाली नेला की कमी करायची, मूठ मिटली की बंद. वर्षानुवर्षं एवढ्याच खुणांवर दोघांचं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर कामापुरतं फार छान चाललं होतं.

इंजिन सुरू झालं. टकटक होती. कोरडी, टणक, बोटाच्या पेराने दारावर वाजवावं तशी. ऐकायला स्क्रूड्रायव्हरची गरजच नव्हती, लेथवाला रस्त्यापलीकडून म्हणाला, "बाप रे, हे काय वाजतंय?"

बेकरीवाला अगदी इंजिनावर तोंड आणून उभा होता. "आहे का हो काही?" त्याने विचारलं.

थोरल्याला वाटलं, थट्टा करतोय. पण माणसाचा चेहरा लहान मुलासारखा सरळ होता. भट्टीच्या घरघरीत कान गेले असतील बिचाऱ्याचे, असं थोरल्याने स्वतःला समजावलं आणि बोट वर केलं.

रेस वाढली. इंजिन घोंघावायला लागलं. टकटक मात्र वाढली नाही. होती त्याच संथ चालीने वाजत राहिली.

थोरल्याने डोळे उघडले. इंजिनातला आवाज इंजिनाच्या चालीने चालतो. ते धावलं की धावतो, थकलं की थकतो. ह्याला अपवाद नाही. त्याने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. ज्या सिलिंडरमध्ये दोष असतो त्याची वायर काढली की आवाज मऊ पडतो. प्रत्येक वायरीला इंजिन लंगडलं, थरथरलं, टकटक तशीच. त्याने स्क्रूड्रायव्हर ब्लॉकवर टेकवला, हेडवर टेकवला, खाली ऑइलच्या चेंबरवर टेकवला. शेवटी, कोणी बघत नाहीसं पाहून, दारावर टेकवला. सगळीकडे आवाज सारखाच, जवळ ना लांब.

"गाडी ठेवून जा," तो म्हणाला.

त्याने टॅपेट सेट केले, ऑइल बदललं, पाण्याचा पंप उघडून पाहिला. काही सैल नव्हतं, काही झिजलेलं नव्हतं, आणि टकटक जात नव्हती. धाकटा येता-जाता ओठाच्या कोपऱ्यातून हसत होता. ते हसू थोरल्याला मिरच्यांसारखं झोंबत होतं. बेकरीवाला न्यायला आला तेव्हा इंजिन चालूच होतं आणि टकटक दणदणीत वाजत होती.

"गेला का आवाज?" बेकरीवाल्याने विचारलं.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, मग बेकरीवाल्याच्या त्या पीठमाखल्या चेहऱ्याकडे. ज्याला ऐकूच येत नाही त्याला काय कळणार आहे?

"गेला," तो म्हणाला.

"मला वाटलंच होतं!" बेकरीवाला खूश झाला. "आता बायकोला सांगतो, कानसेनांनी सांगितलंय म्हणून." त्याने जाताना पावाची एक गरम लादी बळेबळे हातात कोंबली आणि टकटकत निघून गेला.

"गेला म्हणे," धाकटा कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात लेथवाला सकाळी बातमी घेऊन आला. बेकरीवाला वारला. भट्टीसमोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या. पहिले पाव काढायची वेळ झाली तरी उठेना, म्हणून हलवलं तर सगळं संपलेलं होतं. दुखणं नाही, खुपणं नाही. थोरला हळहळला. माणूस चांगला होता, एवढंच त्याच्या मनात आलं. गाडीचा विचार त्याच्या मनालाही शिवला नाही.

दिवस-पाणी उरकल्यावर बेकरीवालीच गाडी घेऊन आली. उंच, हाडकुळी बाई, डोळे कोरडे. किल्ली तिने थोरल्याच्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली.

"विकून टाका नाहीतर भंगारात घाला. मला दारात नको."

"ताई, फार वाईट झालं..." थोरल्याने सुरुवात केली.

"तुम्ही त्यांना सांगितलंत, आवाज गेला." ती शांतपणे बोलत होती आणि म्हणून ऐकवत नव्हतं. "आल्या आल्या मला म्हणाले, बघ, मिस्त्री म्हणाले गेला. आणि आम्ही सगळे दारात उभे राहून ऐकत होतो. मी जीव तोडून सांगत होते, अहो, अजून वाजतंय. ते मलाच वेड्यात काढत होते. तुमच्या शब्दावर."

थोरल्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

"माझ्या सासऱ्यांची गाडी ही," ती म्हणाली. "तेही शेवटी शेवटी असंच म्हणायचे. घरात सगळ्यांना टकटक ऐकू यायची, त्यांना एकट्याला नाही. ते गेले आणि आवाज गेला. मग इतकी वर्षं काही नाही. आणि ह्या वर्षी पुन्हा." ती दोन पावलं गेली आणि वळली. "ज्याचं असतं त्याला ऐकू येत नाही, एवढंच मला कळलंय. तुम्ही खरं बोलला असतात तरी काही झालं नसतं म्हणा. पण निदान त्यांनी माझं ऐकलं असतं."

ती गेल्यावर थोरला बराच वेळ हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. दुःखाने माणूस काहीबाही बोलतो, असं म्हणून त्याने किल्ली उचलली आणि गाडी सुरू केली.

इंजिन मऊसूत चालत होतं. टकटक नव्हती. तिच्या म्हणण्याप्रमाणे माणूस गेला आणि आवाज गेला. थोरल्याच्या अंगावर काटा आला, पण त्या काट्याखाली सुटकाही होती. चला, निदान ही ब्याद तरी टळली.

तेवढ्यात धाकटा आतून ओरडला, "बंद कर ना ती टकटक! कान किटले."

थोरल्याने मान वळवून पाहिलं. धाकटा टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होता. त्याने बाईचं बोलणं ऐकलंही नव्हतं. ती आली तेव्हा तो बाजारात होता, ती गेल्यावर परतला होता.

"कसली टकटक?"

"कसली म्हणजे?" धाकटा वर बघत म्हणाला. "हीच की. जी तू घालवलीस."

टोमणा मारतोय, थोरल्याने ठरवलं. तो सरळ रस्ता ओलांडून गेला आणि लेथवाल्याला हाताला धरून घेऊन आला. लेथवाल्याने क्षणभर ऐकलं. "आहे की. पहिल्यापेक्षा मोठीच झालीय. अरे कानसेन, तुला काय झालं?"

धाकट्याने त्यालाही फितवला असेल. दोघे चांगले मुरलेले आहेत, थोरल्याला वाटलं. एवढ्यात वरच्या खिडकीतून भावजय डोकावली. "भाऊजी, दोन मिनिटं बंद करता का? आत्ताच डोळा लागला होता माझा. दार ठोकल्यासारखं वाजतंय."

भावजय कधी खोटं बोलायची नाही. ह्या घरात त्याच्याशी धड बोलणारी ती एकटी होती.

त्याने गाडी बंद केली.

त्या दिवसापासून थोरल्याची अन्नावरची वासना उडाली. तो कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. काचेच्या पेटीत बसवून त्यांनी बारीकसारीक आवाज ऐकवले. त्याने सगळे ओळखले. "विशीतल्या पोराचे कान आहेत तुमचे," त्या कौतुकाने म्हणाल्या. कान गेले असते तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. मग त्याने छाती तपासून घेतली. तीही ठणठणीत निघाली. बेकरीवाल्याची छातीही ठणठणीतच असेल, त्याला वाटलं.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. थोरल्याने गाडी दिली नाही. ती दिली तर टकटक त्याला कधीच ऐकू येणार नव्हती, आणि त्याला ती ऐकायची होती. भुकेल्याला भाकरी हवी असते तशी हवी होती. त्याने इंजिन उतरवलं. पिस्टन काढले, रॉड काढले, बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या उजेडात धरून पाहिल्या, सगळं रॉकेलमध्ये धुऊन टेबलावर ओळीने मांडलं. सगळं इतकं चोख होतं की पाहून भीती वाटावी. पुन्हा जोडलं. सुरू केलं. आणि मग तो इंजिनाकडे न बघता येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. प्रत्येकाच्या कपाळाला आठी पडत होती.

धाकट्याला हे सगळं दिसत होतं. आणि त्याने, त्याच्या स्वभावाप्रमाणे, नेमक्या वेळी घाव घातला.

"दादा, आता पुरे," तो टेबलापाशी उभा राहून म्हणाला. गिऱ्हाईक समोर होतं, हे मुद्दाम. "रस्त्यावरच्या माणसाला ऐकू येतं ते तुला येत नाही. कान गेला तुझा. मान्य कर. मी मशीन सांगून टाकतो, आणि टायरवाल्यालाही हो म्हणतो. तू वर आराम कर. जेवायला काही कमी पडणार नाही."

'जेवायला' हा शब्द थोरल्याच्या काळजात रुतला. बापाच्या मागे ह्याला त्याने हाताला धरून धंदा शिकवला होता, बोट वर केलं की काय करायचं ते शिकवलं होतं. आता तो त्याला ताट दाखवत होता. त्या क्षणी थोरल्याला भाऊ नकोसा झाला. तो मरावा असं नाही, फक्त नसावा. असा विचार माणसाच्या मनात येऊन जातो आणि कुणाला कळत नाही.

सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून तो गाडीपाशी एकटाच बसला होता. दुपारचं ऊन फटीतून जमिनीवर पडलं होतं. वर स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. इंजिन चालू होतं, आणि त्याच्या कानाला पुन्हा तोच मऊ, निर्दोष, भयंकर आवाज. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाला लावली आणि डोळे मिटले.

"मला ऐकू येऊ दे," तो मोठ्याने म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. "मला येऊ दे. मग दुसऱ्या कुणाला नाही आलं तरी चालेल."

काही झालं नाही.

मग वाजलं.

टक.

कोरडं, टणक. मग पुन्हा. मग संथ चालीने, न थांबता. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. तरी वाजतच होतं. तो बॉनेटला धरून उभा राहिला आणि त्याला रडू कोसळलं. जीव वाचल्याचं रडू होतं ते. त्यात कसलीही लाज नव्हती. त्याला वाटलं, आता कुणाला तरी सांगितलंच पाहिजे. आणि सांगायला जगात होता कोण?

"अरे, ए! खाली ये! लवकर ये रे!"

कित्येक वर्षांत त्याने अशी हाक मारली नव्हती. धाकटा धावतच जिना उतरला. घाबरला होता. "काय झालं, दादा? पडलास का?"

"ऐक! येतंय मला! ऐक ना!"

धाकटा इंजिनावर वाकला. सवयीने त्याने श्वासही रोखला. थोरला त्याच्या कपाळाकडे बघत होता. आठी पडायची वाट बघत होता.

कपाळ स्वच्छ राहिलं.

"काय ऐकू?" धाकटा म्हणाला.

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? काही वाजत नाहीये." त्याने अजून खाली वाकून पाहिलं, आणि त्याचं तोंड हळूहळू उजळत गेलं. "दादा! गेला की आवाज! लोण्यासारखं चाललंय. काय केलंस तरी काय?"

टक. टक. टक. दोघांच्या मध्ये, इतकं जवळ.

"मी काय काय बोललो तुला," धाकटा म्हणाला. त्याने थोरल्याचे तेलकट हात आपल्या हातात घेतले. "चारचौघांत बोललो. माझी जीभ झडायला हवी होती. मशीन नको, टायरवाला नको. तू आहेस तोवर काही नको. खरं सांगतो, दादा, तुझ्यासारखा कान कुणाला नाही."

थोरल्याचे ओठ हलले. शब्द होते, अगदी जिभेवर होते. पण ते बोलायचे म्हणजे त्याआधी आपण काय मागितलं तेही बोलायला हवं होतं. आणि इतक्या वर्षांनी भाऊ असा हात धरून उभा होता.

"खरंच गेला ना?" धाकट्याने विचारलं.

"गेला," थोरला म्हणाला, आणि मूठ मिटली.

धाकट्याने आज्ञाधारकपणे हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन शांत झालं. किल्ली थोरल्याच्या हातात देऊन तो म्हणाला, "हात धुऊन ये. आज बरोबरच बसू जेवायला." आणि तो जिना चढून वर गेला. शीळ घालत गेला.

गॅरेजमध्ये एकदम सामसूम झाली. थोरला मान तिरकी करून उभा राहिला. इथे आता काहीच वाजत नव्हतं.

वर पाट सरकल्याचा आवाज झाला. मग भावजयीची हाक आली. "भाऊजी, गाडी बंद करून या ना. घरभर घुमतंय नुसतं."

"अगं, बंदच आहे," धाकटा हसत होता. "मीच बंद करून आलो. आणि घुमतंय काय? काही नाही घुमत."

वर भांड्यांची वाजावाज थांबली.

"अहो," भावजय म्हणाली, आवाज अगदी खाली आणून, "जरा जवळ या बघू माझ्या."